दूध आहे, बाळापर्यंत पोचतंय का?

देशातल्या बाळांच्या आहाराचे जे आकडे आपण वर्तमानपत्रांत वाचतो, त्यांची जुळवाजुळव मुंबईतल्या देवनारमध्ये होते. गोवंडी स्टेशन रोडवरची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम पाहते आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या फेरीनुसार भारतातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. मात्र जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्केच होती. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी ६३.७ टक्के बाळं फक्त आईच्या दुधावर होती. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५४.९ टक्के होतं, म्हणजे इथे खरोखर सुधारणा झाली आहे आणि तिचं मोल कमी नाही. पण हा आकडा मिळतो कसा, तेही पाहायला हवं. आईला विचारतात, कालचा दिवस आणि रात्र मिळून बाळाला काय काय दिलं? तिने ‘फक्त अंगावरचं’ असं सांगितलं की बाळ त्या रकान्यात जातं. त्या चोवीस तासांत बाळाच्या पोटात प्रत्यक्ष किती दूध गेलं, हे या प्रश्नातून कळत नाही आणि कळणारही नाही. त्याच सर्वेक्षणांमधली वजन-उंचीची मापं सांगतात, की उंचीच्या मानाने वजन कमी असण्याचं प्रमाण सहा महिन्यांखालच्या बाळांत मोठ्या मुलांपेक्षा कमी नाही, उलट जास्तच आहे. त्यातला काही भाग जन्मतःच कमी वजनाचा असतो, हे मान्य. पण आई पाजते आहे आणि तरी बाळ भरत नाही, अशीही कितीतरी घरं त्यात आहेत.

अशा घरात एकच निदान ठरलेलं असतं: दूध पुरत नाही. सासू म्हणते, शेजारीण म्हणते, कधी घाईतले डॉक्टरही म्हणतात, आणि दोन-तीन दिवसांत वरच्या दुधाचा डबा घरात येतो. हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं, असं मला या लेखात मांडायचं आहे. आईकडे दूध असतं किंवा येऊ शकत असतं, अडतं ते बाळापर्यंत पोचण्यात. आणि ते कुठे अडतंय हे शोधायला फार साधी गोष्ट लागते: जाणत्या माणसाने एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारी बसून पाहणं आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळाचं वजन नीट करणं. ‘आईचं दूध अमृत’ असे फलक भिंतीभिंतींवर आहेत. ते अमृत बाळाच्या घशाखाली कसं उतरतं, हे दाखवणारं माणूस मात्र बाळंतिणीच्या वाट्याला क्वचितच येतं.

देवनार ज्या एम-पूर्व विभागात येतं, तिथे या चुकीच्या निदानाची किंमत इतर ठिकाणांपेक्षा जास्त पडते. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या प्रभागांमध्ये हा प्रभाग तळाला होता. शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर या वस्त्या कचराभूमीला लागून उभ्या आहेत. पाण्याची वेळ ठरलेली, कुठे टँकर, कुठे शेजारच्या गल्लीतून आणलेली नळी, आणि ड्रममध्ये साठवलेलं पाणी दोन-दोन दिवस वापरायचं. त्या पाण्यात दुधाची भुकटी कालवायची, तर ते उकळायला गॅस हवा, बाटली आणि बूच उकळायला पुन्हा गॅस हवा. चारशे ग्रॅमचा डबा पूर्ण वरच्या दुधावरच्या बाळाला आठवडाभरही नीट पुरत नाही. मग तो पुरवायचा म्हणून तीस मिलिलिटर पाण्याला एक चमचा या हिशेबात पाणी वाढत जातं. बाळाचं पोट भरतं, ते झोपतं, घरातल्यांना हायसं वाटतं आणि वजन जिथल्या तिथे राहतं. वर जुलाब लागले तर होतं तेही वजन उतरतं. ज्या उपायाने बाळ सुधारेल असं वाटलं होतं, त्यानेच ते आणखी मागे पडतं.

आधी बाळाच्या शरीराचा हिशेब पाहू. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी पाच-सात मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाभर चीक पितं आणि तेवढ्यावर त्याचं भागतं. खरा पान्हा दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान फुटतो. पहिलटकरणीला, सिझेरियन झालेल्या, मधुमेह असलेल्या किंवा खूप रक्तस्राव झालेल्या बाईला आणखी थोडा वेळ लागू शकतो. महाराष्ट्रात आज दर चारांतलं एक बाळंतपण सिझेरियनचं आहे, तेव्हा हा उशीर काही दुर्मीळ राहिलेला नाही. या काळात प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं. सात टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची. ती दहा टक्क्यांच्या जवळ गेली, म्हणजे तीन किलोच्या बाळाचं तीनशे ग्रॅम उतरलं, की त्याच दिवशी लक्ष घालायला हवं. दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्माच्या वजनावर परत येतं आणि त्यानंतर पहिले तीन महिने रोज साधारण पंचवीस-तीस ग्रॅमने वाढतं. ही मापं बाटलीच्या बाळांवरून घेतलेली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीचे जे तक्ते दिले, ते भारतासह सहा देशांतल्या, आईच्या दुधावर वाढलेल्या बाळांवर बेतलेले आहेत. आपल्या माता-बाल संरक्षण कार्डावरचा तक्ता तोच आहे.

दूध तयार होतं ते मागणीप्रमाणे. उपसलेल्या विहिरीचा झरा वाहता राहतो, तसंच हे आहे. स्तन जितके रिकामे होतील तितकं नवं दूध येतं, आणि भरलेले राहिले की शरीर उत्पादन कमी करतं. रात्रीच्या पाजण्याने दूध निर्माण करणाऱ्या संप्रेरकाला विशेष जोर मिळतो, म्हणून ‘रात्रभर वरचं देऊन आईला झोपू द्या’ हा प्रेमाचा सल्ला दुधाच्या मुळावर येऊ शकतो. नवजात बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. पण बारा वेळा पाजूनही बाळ फक्त स्तनाग्र चोखत राहिलं, तर त्याला थेंब थेंबच मिळतं. दूध स्तनाग्रात साठलेलं नसतं. भोवतीच्या काळसर भागाच्या खालच्या नलिका बाळाच्या जिभेने आणि जबड्याने दाबल्या गेल्या पाहिजेत. तसं झालं नाही, की बाळ तासभर स्तनाशी असतं, थकून झोपतं, काढलं की रडतं आणि आईची स्तनाग्रं चिरतात. घरातले यातलं पाहतात काय, तर बाळ तासभर पिऊनही उपाशी आहे. मग ‘दूधच नाही’ या निष्कर्षापर्यंत जायला वेळ लागत नाही.

नीट पाजणं दिसतं कसं, ते जवळून पाहू. समजा डाव्या बाजूला पाजायचं आहे. आई पाठ टेकून बसते आणि बाळाला उजव्या हाताने धरते. बाळाची पाठ तिच्या उजव्या हातावर, मान तिच्या तळहातात, अंगठा एका कानामागे आणि बोटं दुसऱ्या कानामागे. डोक्यावर मागून दाब अजिबात नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. डाव्या हाताने ती स्तनाला खालून आधार देते आणि बाळाच्या ओठांच्या दिशेने हलकेच दाबते. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर येतं, वरच्या ओठाला स्पर्श होतो आणि ती थांबते. बाळ जांभई देताना उघडावं तेवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं असतं. तोंड तसं उघडलं, की हनुवटी आधी लागेल अशा बेताने बाळाला स्तनाकडे आणायचं. स्तन बाळाच्या तोंडात कोंबायचा नाही. जमलं की ओळखता येतं: खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, हनुवटी स्तनात रुतलेली असते, गाल फुगलेले असतात आणि काळसर भाग वरच्या ओठाकडे जास्त, खालच्या ओठाकडे कमी दिसतो. सुरुवातीला भरभर चोखणं, मग संथ, खोल घोट, आणि गिळल्याचा बारीक आवाज. आईला दुखत नाही. बाळाने सोडल्यावर स्तनाग्र गोलच असतं. ते चपटं किंवा तिरकं झालेलं दिसलं, तर पकड उथळ होती.

हे सगळं कागदावर वाचून जमत नाही, हेही सांगायला हवं. पण पाहून जमतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाने तयार झालेल्या आरोग्य आणि पोषणाच्या चित्रफिती मराठीसह अनेक भारतीय भाषांमध्ये मोफत उपलब्ध आहेत. त्यांत बाळाला कसं धरायचं, पकड कशी तपासायची, हाताने दूध कसं काढायचं हे पायरीपायरीने दाखवलं आहे. त्या पवईत तयार झाल्या आणि देवनारच्या कुठल्याही खोलीत मोबाइलवर पाहता येतात. तरीही चित्रफीत आईला शिकवेल, तिची चूक काढून दाखवणार नाही. त्यासाठी समोर बसलेली दुसरी बाई लागते.

आता वजनाकडे येऊ. बाळाचं वजन हा या प्रश्नातला सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे, पण आपण त्याला बोलावतो उशिरा. बाळ दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत घरी जातं. जन्माच्या लसी तिथेच होतात आणि पुढची लस दीड महिन्याची. दूध बसण्याचा किंवा बिघडण्याचा सगळा काळ या मधल्या फटीत जातो. उदाहरण घेऊ. २.८ किलोची दोन बाळं चौदाव्या दिवशी जन्माच्या वजनावर परत आली. त्यानंतर एक रोज तीस ग्रॅमने वाढलं, दुसरं दहाने. दीड महिन्याच्या लसीला पहिलं असेल ३.६४ किलो आणि दुसरं ३.०८. दुसऱ्याच्याही कार्डावर वाढच दिसते, ‘वाढलंय की’ म्हणून ते पुढे पाठवलं जातं, आणि तोवर अर्ध्या किलोहून अधिक वजन गमावून बसलेलं असतं. काट्याचीही गोष्ट आहे. अंगणवाड्यांत वर्षानुवर्षं चालत आलेल्या टांगत्या काट्यावर शंभर ग्रॅमच्या रेघा असतात. नवजात बाळाची तीन दिवसांची वाढ त्या दोन रेघांच्या मध्येच हरवते. इथे दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटाच हवा, आणि बाळ उघडं करून, दर वेळी त्याच काट्यावर ठेवायला हवं. दुपट्यासकट केलेल्या वजनाला काही अर्थ नाही.

दोन वजनांच्या मधल्या दिवसांत आईला घरच्या घरी कळेल अशा खुणा आहेत. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी, तीही पाण्यासारख्या रंगाची, आणि तोवर काळी शी जाऊन पिवळी झालेली. हे होत असेल आणि वजन वाढत असेल, तर बाळ कितीही किरकिरलं तरी दूध पुरतं आहे. संध्याकाळचं रडणं, दर तासाला अंगावर यायचा हट्ट, खाली ठेवलं की जाग येणं, हे निरोगी बाळंही करतात. २०२३मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत दाखवलं आहे, की बाळाच्या नेमक्या याच स्वाभाविक वागण्याला आजार किंवा उपासमार ठरवून डब्यांची विक्री जगभर केली जाते. उलट जे बाळ फार शहाण्यासारखं झोपून राहतं, पाजायला उठवलं तरी चार घोट घेऊन पुन्हा झोपतं, ज्याची लघवी कमी किंवा विटकरी रंगाची आहे, डोळे-कातडी पिवळी होत चालली आहे, अंग तापलं आहे, त्याची काळजी करायला हवी. अशा बाळाच्या अंगातलं पाणी कमी होऊन रक्तातलं मीठ वाढलेलं असू शकतं. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, ‘किती गुणी बाळ’ म्हणून कौतुक करत बसायचं नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो आईच्या उपासमारीचा. एम-पूर्वमधली बाई स्वतःच अशक्त, तिचं रक्त कमी, तिला दूध येणार कुठून? हा प्रश्न कळवळ्यातून येतो, पण शरीर तसं चालत नाही. मध्यम कुपोषित आईच्याही दुधाचं प्रमाण आणि त्यातली ऊर्जा फारशी घटत नाही, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. शरीर स्वतःची झीज सोसून बाळाला देतं. म्हणून तिला खाऊ घालायचंच, दिवसाला सहाशेच्या आसपास जास्तीचे उष्मांक तिला लागतात. पण ते तिच्यासाठी, तिची हाडं आणि रक्त टिकावं म्हणून. तिला भाकरी, डाळ, अंडं, मासे मिळावेत. हळिवाचे, डिंकाचे लाडू मिळाले तर उत्तमच. मात्र लाडू खाऊन उथळ पकड सुधारत नाही, आणि ‘तू खात नाहीस म्हणून बाळ वाढत नाही’ असं तिला ऐकवणं हा तर अन्याय आहे. खरोखरच दूध कमी तयार होणाऱ्या स्त्रिया असतात: वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, थायरॉइड असतो, बाळंतपणात भयंकर रक्तस्राव झालेला असतो, स्तनाची शस्त्रक्रिया झालेली असते किंवा दूधग्रंथींची वाढच अपुरी असते. त्या थोड्या आहेत. आणि त्या सापडतात तेव्हाच, जेव्हा पकड, वेळा आणि वजन आधी तपासलेलं असतं. सगळ्यांनाच ‘दूध कमी’ म्हटलं, की या खऱ्या रुग्ण त्या गर्दीत हरवतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाळ वाळत चाललेलं असताना तत्त्व धरून बसायचं का? मुळीच नाही. बाळाला आधी पोटभर मिळालं पाहिजे. त्यापुढे कुठलंही तत्त्व मोठं नाही. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं किंवा दोन आठवड्यांनी जन्माच्या वजनावर आलं नाही, तर पूरक दूध द्यावं लागतं. वाद फक्त क्रमाचा आणि रीतीचा आहे. प्रथम आईचंच दूध हाताने काढून, स्वच्छ वाटी-चमच्याने किंवा आजीच्या काळच्या बोंडल्याने. ते पुरेसं नसेल आणि सोय असेल, तर दूधपेढीतलं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती देवनारपासून काही किलोमीटरवर आहे. अशा पेढ्यांचं दूध प्राधान्याने जातं ते रुग्णालयातल्या आजारी आणि अकाली जन्मलेल्या बाळांना, म्हणून घरच्या बाळासाठी त्यावर भिस्त ठेवता येत नाही. तिथे डॉक्टरांनी मोजून सांगितलेली भुकटी द्यायची, उकळून घेतलेल्या पाण्यात, पूर्ण प्रमाणात. आणि जितक्या वेळा वरचं दिलं तितक्या वेळा आईने दूध काढायचं, नाहीतर झरा आटतो. फर्नांडिस यांनीच १९९९मध्ये उभी केलेली ‘स्नेहा’ ही संस्था आज याच गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमध्ये काम करते.

वजन केल्याने आयांची चिंता वाढते, असंही म्हटलं जातं. रोज, प्रत्येक पाजण्यानंतर वजन करायला लावलं तर वाढेलच. पण तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी केलेलं वजन चिंता कमी करतं, कारण रडणाऱ्या बाळाच्या आईच्या हाती ते पहिला ठोस पुरावा देतं. आणि ‘इतकी माणसं आणायची कुठून’ या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राने आधीच दिलेलं आहे. गडचिरोलीच्या ३९ गावांमध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच, बेताचं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. त्या घरी जात, झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करत, पाजायला मदत करत, जंतुसंसर्ग ओळखत. नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, असा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली आला. त्यावरूनच २०११मध्ये देशभर घरभेटींचा कार्यक्रम आखला गेला: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. जंगलातल्या पाड्यावर जे जमलं, ते पालिकेचं प्रसूतिगृह आणि शताब्दी रुग्णालय चालत्या अंतरावर असलेल्या वस्तीत जमणार नाही, असं मला वाटत नाही. इथल्या आरोग्यसेविका गल्ल्या पाठ असलेल्या बायका आहेत. त्यांच्या पिशवीत डिजिटल काटा हवा, पकड तपासण्याचं प्रत्यक्ष हाताखालचं प्रशिक्षण हवं, आणि एका भेटीला अर्धा तास हवा. घाईने पाच घरं उरकण्याऐवजी तीन घरी एकेक पाजणं पूर्ण पाहिलं, तर काम जास्त होईल.

कायदाही बाळाच्या बाजूचा आहे. १९९२चा, २००३मध्ये आणखी कडक केलेला कायदा दोन वर्षांखालच्या बाळांच्या डबाबंद दुधाची आणि अन्नाची जाहिरात, मोफत नमुने, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी, सगळं बंद करतो. मातृत्व लाभाचा कायदा २०१७पासून २६ आठवड्यांची पगारी रजा देतो, पण नोकरीच्या कागदावर नाव असलेल्या बाईला. घरी जरीकाम करणारी, धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी बाई त्यात नाही. महिन्याच्या आत कामावर जाणाऱ्या अशा बाईला निघताना दूध काढून झाकून ठेवायला शिकवणं हाच खरा आधार. ते साध्या तापमानाला सुमारे चार तास टिकतं. मुंबईच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत त्याहून कमी धरावं.

जिच्या घरात डबा आधीच येऊन बसला आहे, तिच्यासाठीही दार बंद झालेलं नाही. महिनाभर मागे पडलेलं दूध पुन्हा वाढवता येतं. बाळाला दिवसातला बराच वेळ उघड्या अंगाने छातीशी धरायचं, पकड दुरुस्त करायची, प्रत्येक वेळी आधी अंगावर घ्यायचं आणि वरचं नंतर, तेही वाटीने. रात्री एकदा तरी पाजायचं, पाजून झाल्यावर हाताने दूध काढायचं. मग जाणत्या माणसाच्या नजरेखाली दर दोन-तीन दिवसांनी वरच्या दुधातून दिवसाला साधारण पन्नास मिलिलिटर कमी करायचे आणि आठवड्याला वजन करायचं. लघवी सहा वेळा होत राहिली आणि वजन चढत राहिलं, तर पुढची कपात. नाही राहिलं, तर तिथेच थांबायचं. काहींचा डबा दोन-तीन आठवड्यांत पूर्ण सुटतो. काहींचा अर्ध्यावर राहतो, आणि तेव्हा अर्धं आईचं, अर्धं वरचं असंही बाळ चांगलं वाढतं.